जखम कुठाय, मिस्टर?

सातपुते सरांचा रुमाल आठवला की आजही माझा घास तोंडातल्या तोंडात फिरतो. सर दिवसभर लवंग चघळत. चघळून झाली की चोथा रुमालात थुंकायचा, रुमालाची नीट चौकोनी घडी घालायची आणि ती कोटाच्या उजव्या खिशात ठेवायची. त्याच खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असत. वर्गात कुणी बरं उत्तर दिलं की सर खिशात हात घालत, गोळी काढत आणि आपल्या तळहातावर ठेवून म्हणत, "घ्या मिस्टर, कमावलीत." विभागप्रमुखांनी दिलेली गोळी फेकता येत नाही. तोंडात टाकावी लागे, आणि वर हसावं लागे. इंग्रजी साहित्याचा मी जो काही अभ्यास केला तो त्या लवंगी ओलसर चवीसकट माझ्या डोक्यात बसला आहे.

आमचं कॉलेज सांगलीतलं, मिशनचं. पुढं काळ्या दगडाची इमारत, शेजारी चॅपेल, मागं वसतिगृह आणि त्याच्याही मागं कॉलेजची शेती, थेट कृष्णेच्या काठापर्यंत. मी साताऱ्याहून तिथं गेलो तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं. इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्या आम्हा पोरांची सगळी धडपड एका जागेसाठी चाले. मिशनचं मोठं विद्यापीठ दक्षिणेत होतं. दरवर्षी आमच्यातल्या एकाला तिथं एम.ए.ला पाठवत. फी, राहणं, जेवण सगळं परदेशातल्या आश्रयदात्यांची समिती बघे. नाव सुचवायचं ते मात्र सातपुते सरांनी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी ख्रिस्ती घरातला. वडील साताऱ्याला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. आमच्याकडे दिवेलागणीला प्रार्थना झाल्याशिवाय ताटं मांडली जात नसत. तेव्हा मला सरांची जी शिसारी आली ती बाहेरच्या माणसाची नव्हे. माझ्या आईबापांच्या तोंडी ऐकलेले शब्द या माणसाच्या तोंडी ऐकून ती आली.

सर बुटके, गोरटेले, केसांना इतकं तेल की कॉलरला कायम पिवळी कड. एप्रिलच्या उन्हातही काळा कोट. आवाज मात्र असा, की नाव ठेवायला जागा नाही. सर कविता वाचू लागले की मागच्या बाकावरची आष्ट्याकडची पोरं, ज्यांना त्यातले निम्मे शब्द कळत नसत, तीही चुळबुळ थांबवून ऐकत. आम्हाला एक कविता होती, मूल दगावलेल्या बापानं लिहिलेली. वाचता वाचता सर एका ओळीवर थांबले, चष्मा काढला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. खांदे हलत होते. मुली रडल्या. मीही रडलो, आणि असा गुरू मिळाला म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पुढच्या आठवड्यात काही कारणानं माझा तास बुडाला, म्हणून मी दुसऱ्या तुकडीत जाऊन बसलो. तीच कविता, तीच ओळ, तीच खिडकी. खांदेसुद्धा तितकेच हलले.

सरांची आई आमच्या देखत तीन प्रकारे वारली. चॅपेलमध्ये ती प्लेगनं गेली, वर्गात ती विहिरीत पडून गेली आणि परदेशी पाहुण्यांपुढं भुकेनं, हातातली भाकरी मुलाला देऊन. प्रत्येक वेळी सरांचा कंठ दाटून आला. ती खरोखर कशानं गेली, की गेलीच नव्हती, हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायची सोय नव्हती.

शनिवारी दुपारी सर इंग्रजी लेखनाचा वर्ग घेत. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे, आम्ही एकेकानं समोर उभं राहून आपला निबंध वाचायचा. आणि मला हे लिहितानाही राग येतो, पण ते शिकवत फार चांगलं. विशेषण आलं की पेन्सिल टेबलावर आपटायची. "हे कशाला? नाम लंगडं आहे का, कुबडी देताय?" लांब वाक्य आलं की म्हणत, खरं बोलणाऱ्याला इतका दम लागत नाही. आज मी लिहितो तेव्हा ती पेन्सिल माझ्या कानात आपटते आणि मी विशेषण खोडतो. या माणसाचं काहीही माझ्यात राहू नये असं मला वाटतं, पण हे राहिलं आहे.

निबंध वाचून संपला की सर डोळे मिटून घेत, लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत आणि विचारत, "छान. पण जखम कुठाय, मिस्टर?"

सुखी माणसाला कोण वाचतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मंडळींत साक्ष देण्याची जुनी रीत आहे. उपासनेत उभं राहायचं, आपण आधी कसे होतो आणि देवानं कसं सावरलं ते चार माणसांपुढं सांगायचं. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच साक्ष दिली. "मी विडी सोडली," एवढं म्हणाले आणि खाली बसले. सरांच्या लेखी ही साक्ष वाया गेलेली. साक्षीत काळोख हवा, भूक हवी, निदान एखादं मरण तरी हवं. आश्रयदात्यांसाठी परदेशात एक मासिक निघे. आमचे निबंध सर त्यात पाठवत, पण आधी त्यात जखम घालून.

माझ्याच घरचं सांगतो. मी वडिलांवर निबंध लिहिला होता. त्यांना डाव्या कानानं जरा कमी ऐकू येई, त्यामुळं पेशंटला दुखणं दोनदा सांगावं लागे आणि दुसऱ्यांदा सांगताना ते निम्मं कमी झालेलं असे. माझ्या मते गमतीचा निबंध होता. सरांनी मासिकासाठी वडिलांना ठार बहिरं केलं. मरणाऱ्यांचे ओठ वाचून त्यांची शेवटची इच्छा ओळखणारा बहिरा कंपाउंडर. सहा महिन्यांनी साताऱ्याला परदेशातून पार्सल आलं. आत कानाचं यंत्र. देणाऱ्या बाईंचं मन राखायचं म्हणून वडिलांनी ते एका रविवारी चर्चमध्ये लावलं. गायकवर्गातला प्रत्येक बेसूर आवाज त्यांना पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला. घरी येऊन यंत्र कपाटात ठेवलं आणि मला म्हणाले, "लेका, माज्या कानाचं मला ठावं, तुज्या आईला ठावं. त्या बाईला कुनी सांगितलं?"

मी सरांचं नाव सांगितलं. त्याच नाताळात सर आमच्याकडे जेवायला आले. मटणाची नळी तोंडाला लावून त्यांनी असा आवाज काढला की आईनं पदर तोंडाशी नेला. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता आणि सर उपवासाच्या आध्यात्मिक बाजूबद्दल बोलत होते. पण कळस पुढंच झाला. हात धुतल्यावर ते वडिलांजवळ गेले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक अक्षर सुटं करून ओरडले, "क-से आ-हा-त?" वडील दचकून मागं सरले. मला वाटलं सर थट्टा करताहेत. चेहरा पाहिला तर डोळ्यांत खरी कणव. स्वतः लिहिलेलं त्यांना स्वतःला खरं वाटू लागलं होतं.

कॉलेजात लोक कुजबुजत, हा माणूस मिशनचे पैसे खातो. खात नव्हते. एक दमडी त्यांनी कधी घेतली नाही, ट्वीलच्या दोन विजारींवर त्यांची सगळी वर्षं गेली. पैसे खाल्ले असते तर मला ते समजलं असतं. त्यांना चटक होती ती पाहुण्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याची. ते पाणी आलं की सरांचा चेहरा जेवून उठलेल्या माणसासारखा तृप्त दिसे. ते मला बघवत नसे.

आता बिराकडं येतो. बिरा लवटे वसतिगृहात माझ्या खोलीत राहायचा. जतच्या पलीकडचा, धनगराचा मुलगा. तो आठनऊ वर्षांचा असताना तिकडं दुष्काळ पडला तेव्हा बापानं त्याला मिशनच्या शाळेत आणून सोडलं, कारण तिथं पोराला दोन वेळचं जेवण होतं, आणि स्वतः कळप घेऊन पायी घाट उतरला. बिरा मिशनच्या शाळेतच वाढला, पण हिंदूच राहिला. रविवारी अंघोळ करून कपाळाला भंडारा लावायचा आणि तसाच पिवळा होऊन चॅपेलमध्ये मागच्या बाकावर बसायचा. कुणी कधी हरकत घेतली नाही. एखाद्या माणसाचं वेड लागावं तसं त्याला इंग्रजीचं लागलं होतं. हौदावर कपडे आपटताना कविता म्हणायचा आणि ओळ तुटते तिथं शर्ट आपटायचाही थांबायचा. दक्षिणेतल्या त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक त्यानं इतकं चाळलं होतं की घडीवर फाटून त्याचे दोन तुकडे झाले होते. ती जागा मिळाली नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. धाकटा भाऊ लहान, बापाचे गुडघे गेलेले. बी.ए. झालं की काठी हातात घेऊन मेंढरांमागं जायचं.

त्यानं बापावर निबंध लिहिला. मी पुष्कळ वाचलं आहे पुढं, पण तो निबंध विसरलो नाही. बाप छपराखाली झोपू शकत नाही. वसतिगृहात भेटायला आला तेव्हा वॉर्डननं खाट दिली, ती त्यानं भिंतीला उभी करून ठेवली आणि घोंगडं पसरून कडुनिंबाखाली झोपला. नुकतं जन्मलेलं कोकरू तो छातीशी घोंगड्यात घालून कोसभर चालतो आणि वाटेत त्याच्याशी कुणाच्या रानात पाणी कसं आहे ते बोलतो. दुष्काळात तो कळप घेऊन घाटाखाली गेला. परत आला तेव्हा गावात इतरांच्या नुसत्या काठ्या परत आल्या होत्या, कळप घेऊन आलेला हा एकटा. बिराचा सगळा निबंध असा, सरळ, शांत.

सरांनी डोळे मिटले. "जखम कुठाय, मिस्टर?"

"जखम न्हाई, सर," बिरा म्हणाला. "आबा बरं हायती."

वर्ग हसला. सरही हसले आणि निबंध ठेवून घेतला.

पुढच्या थंडीत बातमी आली की समितीच्या अध्यक्षीणबाई स्वतः सांगलीला येणार. मासिकातला बिराचा निबंध वाचून त्या हलून गेल्या होत्या. तो त्यांना बिराच्या तोंडून ऐकायचा होता, आणि त्या वर्षीची जागा त्या तिथंच जाहीर करणार होत्या. बिरा इतका खूश झाला की खोलीत त्याला बसवेना. मग सरांनी त्याला टाईप केलेले कागद दिले, पाठ कर म्हणून. बिरानं खाटेवर बसून ते वाचले. माझ्याकडे दिले आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

कागदावर त्याचा बाप मेला होता. दुष्काळात एकेक मेंढरू आडवं होतं, शेवटी बाप बाभळीखाली बसतो, मांडीवर शेवटचं कोकरू, आणि दोघं बरोबरच जातात. पोर अनवाणी चालत मिशनच्या फाटकाशी येतं. फाटक उघडतं. वाक्यं छोटी होती, एकही विशेषण जास्तीचं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याची मला जेवढी किळस वाटली तेवढी त्या रुमालाचीही कधी वाटली नाही.

बिरा सरांकडं गेला. मी बरोबर होतो. माजा बाप जित्ता हाय सर, एवढंच तो म्हणाला. सर रागावले नाहीत. त्यांनी त्याला शेजारी बसवलं, साहित्यातलं सत्य आणि घरातलं सत्य यांतला फरक सांगितला, साहित्यात मेलेला माणूस मरत नसतो, अमर होतो, असंही सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाईंना तो मेलेलाच आवडलाय, मिस्टर लवटे. आता जिवंत कसा करायचा?" आणि पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

बिरानं दोन दिवस कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पाठ करायला बसला. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, "आबा कुठं इंग्रजी वाचत्यात गड्या. हितं मरत्यात, तितं जगत्यात." मला त्याचा राग आला नाही. ज्यानं हे त्याच्यापुढं आणून ठेवलं त्याचा आला.

आमच्या कॉलेजच्या शेतीत ऊस निघाला की नांगरटीआधी मेंढरं बसवत. कळप रात्री मोकळ्या रानात बसवायचा, लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि धनगराला त्याबद्दल धान्य मिळतं. आमच्या भागात हे सगळीकडंच चालतं. शेती बघणारे शिंदेमामा दरवर्षी कुणातरी धनगराला सांगून ठेवत. त्या वर्षी बिराचा बाप स्वतःच त्यांच्याकडं आला. माजं पोरगं हितं शिकतंय, औंदा मला बसू द्या, धान्य कमी द्या, म्हणाला. मामांनी हो म्हटलं. पाहुणीबाई यायच्या आदल्या दिवशी दुपारी चॅपेलच्या मागल्या खिडक्यांतून बें बें ऐकू येऊ लागलं. बघतो तर सगळं रान मेंढरांनी भरलेलं, आणि मधोमध लाल पटक्यातला बिराचा बाप, जित्ता.

सरांना हे कळलं तसे ते कोट घालून, नाकाला रुमाल लावून रानात गेले. बिरा आणि मी मागं. कळप दोन दिवस नदीपलीकडं न्या, असं त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं. पाहुण्यांना वास सहन होत नाही. म्हाताऱ्यानं मान वर करून वारा बघितला आणि समजुतीनं म्हणाला, वारं तिकडनं हाय सायेब, वास तुमच्याकडं यायचा न्हाई. शिवाय मामांना शब्द दिलेला. मग सर बिराकडं वळून इंग्रजीत म्हणाले, तू सांग. बिरा खाली बघत राहिला. म्हाताऱ्याला वाटलं पोरगं मास्तरांपुढं लाजतंय. तोच म्हणाला, "जा तू. उद्या तुजं भाषन हाय म्हनं. म्या येतू ऐकायला."

सरांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. परत येताना वाटेत त्यांनी तोड काढली. आलाच तर मागं उभा राहू दे. कुणी विचारलंच तर तुझा काका. बिरा काहीच बोलला नाही, आणि सरांनी ते हो म्हणून धरलं.

दुसऱ्या दिवशी चॅपेल गच्च भरलं. पाहुणीबाई थोराड, पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्यावरून खरंच भल्या. आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांच्या एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला दुभाषी म्हणून सातपुते सर. प्रार्थनेनंतर बिरा उभा राहिला. त्याच वेळी मागच्या दारातून त्याचा बाप आत आला. घोंगडं खांद्यावर, पायताण दाराशी काढलेलं, काठी मात्र हातात. बाकावर बसायला कुणी सरकलं, तर नको म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला. पोरगं इंग्रजीत बोलतंय आणि सगळे गप्प बसून ऐकताहेत हे बघून त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

बिरा चांगला बोलत होता. दुष्काळ आला, मेंढरं पडू लागली. पाहुणीबाईंनी पर्समधून रुमाल काढला. बाभळीच्या झाडापाशी येऊन बिरा थांबला. मला वाटलं विसरला. सरांनी ओठ हलवून पुढचं वाक्य सुचवलं. बिरानं त्यांच्याकडं बघितलं नाही. मागं बघून म्हणाला, "आबा, हितनं म्होरं तुमी मेलाय."

सगळी डोकी मागं वळली. म्हाताऱ्याला आधी आपल्याला विचारलंय हे कळलंच नाही. मग म्हणाला, "कवा रं?"

"दुष्काळात."

"आन मेंढरं?"

"ती बी."

म्हातारा भिंतीपासून सुटला. स्वतःच्या मरणाचं त्याला हसूच आलं असतं बहुतेक, पण मेंढरांचं ऐकून त्याचा आवाज चढला. "कुनी सांगितलं तुला? घाट उतरून वाचिवली म्या ती. तुला हितं टाकून गेलू त्यांच्यापायी. आन तू ती मारलीस?"

मागल्या खिडक्यांतून बाहेरची मेंढरं ऐकू येत होती. पाहुणीबाईंनी सरांना विचारलं, ते गृहस्थ काय म्हणताहेत? आणि सातपुते सरांनी एक क्षणही न दवडता, त्या सुंदर आवाजात सांगितलं: हा मृताचा जुना सोबती आहे. मित्राची आठवण येऊन त्याला शोक आवरत नाही.

मी माझ्या आयुष्यात खोटं बोलणारे पुष्कळ बघितले. पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडातलं वाक्य असं मारून टाकणारा दुसरा बघितला नाही.

बिरानं आता इंग्रजीत सांगितलं, छोट्या वाक्यांत. हे माझे वडील. ते मेले नाहीत. मेंढरंही मेली नाहीत. हे मी लिहिलेलं नाही. बाई गोंधळल्या, सरांकडं वळल्या. सर हळुवार हसले. आमच्याकडं, बाईसाहेब, प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला वडील म्हणतात, म्हणाले. पोर फार हेलावलंय. बाईंचे डोळे पुन्हा भरून आले. त्यांना पटलं. खरं ऐकायला त्या समुद्र ओलांडून आल्याच नव्हत्या. त्या उठल्या, चालत मागं आल्या, म्हाताऱ्याचा काठीवरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि काहीतरी बोलल्या.

"काय म्हंत्यात?" बापानं विचारलं.

"तुमी गेल्याचं वाईट वाटलं म्हंत्यात," बिरा म्हणाला, आणि बापाचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन गेला.

त्या संध्याकाळी जागा बिरालाच जाहीर झाली, त्याच्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ. प्रिन्सिपॉलसाहेब भले होते पण भित्रे. त्यांनी बिराला बोलावून समजावलं की तू खरं बोललास, तुझ्यावर काही दोष नाही, आता जागा घे. कुणी ऐकलं नाही यात तुझी काय चूक? "आबानं आयकलं, सर," एवढं म्हणून बिरा परत आला. त्यानं ती जागा घेतली नाही. बी.ए.ची परीक्षा दिली आणि बापाच्या मागं गेला. दीडेक वर्ष कळप राखला, धाकटा भाऊ हाताशी आला तेव्हा बी.एड. केलं आणि विट्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागला. चांगलं शिकवतो. पण कपडे धुताना कविता म्हणत नाही. मी त्याच्याकडं राहिलो आहे, मला माहीत आहे. दक्षिणेतल्या विद्यापीठाचं नाव आम्ही दोघंही काढत नाही.

सातपुते सरांना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर सहासात वर्षांनी, साताऱ्यात. मिशनच्या दवाखान्यात नवीन वॉर्डचं उद्घाटन होतं, परदेशातून चारपाच पाहुणे आले होते आणि दुभाषी म्हणून सर. मी तेव्हा साताऱ्याच्याच शाळेत शिकवत होतो, गावचा म्हणून गेलो. सर जरा वाळले होते, बाकी तेच. समारंभ संपत आल्यावर ते बोलायला उभे राहिले. माझा एक विद्यार्थी होता, म्हणाले. धनगराचं पोर. असं इंग्रजी मी पुन्हा ऐकलं नाही. मिशननं त्याला उच्च शिक्षणाची जागा देऊ केली, पण रक्तातली ओढ, तो मेंढरांकडे परत गेला. आणि एका पावसाळ्यात घाट उतरताना, वाहून जाणाऱ्या कोकराच्या मागं त्यानं पाण्यात उडी घेतली.

पाहुण्यांमधल्या एका तरुण मुलीनं तोंडावर हात घेतला. सरांनी पुरेसा वेळ जाऊ दिला आणि मग खाली बसले. तिसऱ्या रांगेत बसलेलो मी त्यांना सबंध वेळ समोर दिसत होतो.

बाहेर मांडवात जेवणं होती. सर थेट माझ्याकडंच आले, खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आता काहीतरी सारवासारव करतील. निदान नजर तरी चुकवतील. तसं काही झालं नाही. प्रेमानं विचारलं, "काय म्हणतोय आपला बिरा? विट्यालाच आहे ना? लग्न झालं म्हणे."

झालं, म्हटलं मी. मुलगी आहे एक.

"वा. गुणी पोर हो. त्याला म्हणावं एकदा भेटून जा मला. मी इथंच आहे गेस्ट हाउसला." पुढं दोन पावलं गेले, काहीतरी आठवून परत फिरले, आणि आवाज उतरवून म्हणाले, "पण आत्ता नको पाठवूस. पाहुणे गुरुवारी जातायत. त्यानंतर."

आणि पानावर बसायला पाहुण्यांच्या रांगेकडं निघून गेले.